पूल, गाडी आणि भूकंप

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही जपानला जातोय. सेतो ओहाशी पुलावरून रेल्वेने समुद्र ओलांडायचा आहे. मुलगी विचारते, गाडी मध्यावर असताना भूकंप झाला तर? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : तिला जिथं भीती वाटते, त्या मधल्या भागाची मला सगळ्यांत कमी काळजी वाटते. माझी नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेली. झुलता पूल जितका लांब, तितका सुस्त. 1988 साली खुल्या झालेल्या सेतो ओहाशीतला सगळ्यांत लांब गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधला टांगलेला भाग, 1100 मीटरचा आहे. त्याचा एक झोका पुरा व्हायला कित्येक सेकंद लागतात, आणि भूकंपाचे कडक हिसके बहुतेक सेकंदाच्या आतबाहेरचे. पाळण्याच्या दोरीला भराभर हिसके देऊन बघा, दोरी थरथरते, पाळणा फारसा हलत नाही. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा मात्र त्याला झुलवू शकतात.

मी पुलावर गेलो की आधी सांधे बघायचो. उन्हाने गाळा लांबतो, गाडीच्या वजनाने वाकतो. सेतो ओहाशीत टोकांना त्यासाठी खास तुळया आहेत. सरकणं आणि वाकणं एका जागी न साचता वाटून जातं. भूकंपात जमीनच सरकली तर? 1995 च्या कोबे भूकंपात बांधकाम चालू असलेल्या, कोबेजवळच्या आकाशी नावाच्या झुलत्या पुलाचे दोन मनोरे एकमेकांपासून सुमारे 80 सेंटिमीटर दूर गेले. तारा ओढून झाल्या होत्या, रस्ता टांगायचा होता, म्हणून आराखडा बदलून निभावलं. त्या पुलावर आधी रेल्वेही न्यायची होती, 1985 मध्ये तो बेत सोडला. तिथं रूळ असते तर काय, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

गाडीचं म्हणाल तर भूकंपाची पहिली, सौम्य लाट सेकंदाला सहा-सात किलोमीटर धावते, जोराची लाट साडेतीन-चार. केंद्र 100 किलोमीटरवर असेल तर मध्ये दहा-बारा सेकंद मिळतात. जपानमध्ये पहिली लाट टिपून गाड्या थांबवण्याची यंत्रणा आहे. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात पुरती थांबत नाही, पण बराच वेग उतरतो. केंद्र अगदी जवळ असेल तर तेवढीही उसंत नाही.

गाडी घसरण्याची जी मोठी उदाहरणं आहेत, ती समुद्रावरची नाहीत. 2004 साली जपानच्या निगाता भागात शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, जमिनीवरच्या उन्नत मार्गावर घसरली. वेग ताशी 200 च्या आसपास होता, तरी कुणी दगावलं नाही. खालून बसलेल्या धक्क्याने गाडी डोलते आणि चाक रुळावरून उचललं जातं. त्यानंतर बोगीखाली रुळाला अडकून राहील असा आडवा लोखंडी अडथळा बसवू लागले.

सेतो ओहाशीवर गाड्या भूकंपापेक्षा वाऱ्यानेच जास्त वेळा थांबतात. थांबलीच तर डब्यातून उतरू नका, पट्टी धरून बसा. रूळ तपासल्याशिवाय गाडी हलणार नाही, तेव्हा पुढची वेळ ठरवताना हात सैल ठेवा. आणि मुलीला खिडकीशी बसवा, वर मोटारी, खाली तुम्ही, आणि लोखंडी जाळीतून समुद्र दिसतो.