पोळीचे चिप्स कडेला करपतात आणि मध्ये चामट का राहतात?

प्रश्न : आमच्या घरी रोज तीन-चार पोळ्या उरतात. फोडणीच्या पोळीचा कंटाळा आल्यामुळे मी त्यांचे त्रिकोणी तुकडे केले, त्यांना तेल, मीठ, तिखट व चाट मसाला चोळला आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजून पाहिले. काही तुकडे फुगून वरून काळे पडले, मसाला कडवट झाला आणि मधला भाग चामटच राहिला. जे कुरकुरीत वाटले, तेही डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ पडले. नेमके कुठे चुकले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पोळी तव्यावर एकदा भाजून झालेलीच असते, ओव्हनमध्ये तिला पुन्हा भाजायचे नसून वाळवायचे असते, हे लक्षात घेतले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. २०० अंशांना पातळ कडांमधले पाणी काही मिनिटांतच उडून जाते आणि त्या करपू लागतात, पण जाड मधल्या भागातले पाणी तोवर बाहेर पडलेले नसते. म्हणून ओव्हन १५० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापवावा, तुकडे एकमेकांवर न चढवता एकाच थरात मांडावेत आणि सात-आठ मिनिटांनी उलटून एकूण बारा ते पंधरा मिनिटे ठेवावेत. गुजराती खाकराही याच तत्त्वावर होतो. पातळ लाटलेली पोळी मंद आचेवर लाकडी दट्ट्याने दाबत दाबत तिच्यातले पाणी घालवले जाते, आणि तिथे घाई केली की खाकऱ्यावर नुसते डाग पडतात.

तुकडे फुगण्याचे कारण आपल्या घडीच्या पोळीत आहे. घडी घालताना आत लावलेल्या तेलामुळे पदर सुटे राहतात, त्यांच्यात वाफ कोंडते आणि वर उचललेला पापुद्रा एकटाच तापून करपतो. जेवताना ज्या पदरांचे आपण कौतुक करतो, तेच येथे आड येतात. तुकडे काट्याने टोचून घ्यावेत, किंवा त्याहून चांगले म्हणजे चांगला फुगलेला फुलका घेऊन त्याचे दोन्ही पापुद्रे अलग करावेत. पोळी आदल्या दिवशीची असेल तर कापायला सोपी जाते. मात्र तिला आंबूस वास येत असेल किंवा ती चिकट लागत असेल, तर ती वापरूच नये.

मसाला दोन हप्त्यांत लावावा. चार पोळ्यांना चहाचे दोन चमचे तेल पुरते. त्यात पाव चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, थोडा चुरडलेला ओवा, चिमूटभर हिंग आणि बेताचे मीठ कालवून ते हाताने चोळावे. पोळीत मीठ आधीच असते, हे मीठ घालताना विसरू नये. तिखट व आमचूर लवकर करपतात, त्यामुळे तिखट आणि चाट मसाला तुकडे बाहेर काढल्यावर लगेच, ते गरम असतानाच भुरभुरावा.

मऊ पडण्याचे कोडेही त्या चामट मध्यातच आहे. बंद डब्यात मधला ओलावा हळूहळू कोरड्या कडांमध्ये उतरतो. शिवाय तुकडे कोमट असतानाच झाकण लावले असेल, तर वाफेचे पाणीही त्यांच्यावरच पडते. ओव्हनमधून काढलेला तुकडा गरम असताना किंचित लवचिक लागतो, तेव्हा परीक्षा गरम तुकड्यावर करू नये. एक तुकडा दोन मिनिटे निववून मधोमध मोडावा आणि तो टचकन तुटला नाही तर घाण्याला आणखी तीन मिनिटे द्यावीत. पावसाळ्यात मऊ पडलेले चिप्स १२० अंशांवर पाच मिनिटांत पुन्हा ठीक होतात.

प्रश्न : ज्वारीच्या उरलेल्या भाकरीचे असे चिप्स होतात का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अख्ख्या भाकरीचे होत नाहीत. तिचा खालचा जाड भाग वाळून इतका टणक होतो की दातांची काळजी वाटावी. सोलापूरकडची कडक भाकरी खाल्ली असेल तर आठवून पाहा, ती मुळातच पातळ केलेली असते. आपण फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा सोडवून घ्यावा, त्याला तेल, लसणाचे तिखट व तीळ लावून १५० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवावे. येथे तिखट आधी लावलेले चालते, कारण वेळ कमी लागतो. पण पाचव्या मिनिटापासून ओव्हनपाशीच उभे राहावे. उरलेला खालचा भाग ताकात कुस्करून खावा.