सॅनिटायझर वापरूनही बिअर आंबतेय, प्लेट चिलर आतून साफ कसा करायचा?

दर वेळी प्लेट चिलरमध्ये अर्धा तास स्टार सॅन (आम्लाचं सॅनिटायझर) भरून ठेवता आणि तरी घरी बनवलेल्या बिअरच्या लागोपाठ दोन बॅच आंबट निघाल्या, असं तुम्ही लिहिलंय. प्लेट चिलर म्हणजे पत्र्यांच्या एका बाजूने उकळतं वर्ट (बिअर ज्यापासून बनते तो गोड काढा) आणि दुसऱ्या बाजूने गार पाणी फिरवून वर्ट गार करायचं यंत्र. धुण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. माझा संशय तिथेच आहे.

प्लेट चिलरमधल्या फटी फार अरुंद असतात. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि वर्ट गार होताना साकळणारी प्रथिनं त्यात अडकतात. पत्रे तांब्याने कायमचे जोडलेले, त्यामुळे उघडून घासायची सोय नाही. या गाळाखाली लॅक्टोबॅसिलस या बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूने घर केलं की वरून कितीही सॅनिटायझर फिरवा, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

म्हणून वर्ट फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या भांड्यात) गेलं की लगेच, गाळ वाळायच्या आत, चिलरला पाइप उलटे जोडून गरम पाण्याचा जोरदार झोत सोडा. मध्येच दिशा बदला. कण यायचे थांबले की 60-70 अंशांच्या पाण्यात पीबीडब्ल्यू (बिअरची भांडी धुवायची अल्कधर्मी पावडर) विरघळवून पंपाने 20-30 मिनिटं फिरवा, इथेही एकदा दिशा बदलून. मग साधं गरम पाणी. शेवटी उभा धरून नीट निथळू द्या. ओला चिलर तोंडं बंद करून ठेवायचा नाही. ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीनमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात.

निर्जंतुकीकरणासाठी माझा भरवसा उष्णतेवर. उकळीच्या शेवटच्या 10-15 मिनिटांत उकळतं वर्टच पंपाने चिलरमधून फिरवून परत भांड्यात सोडा. त्या वेळी गार पाण्याचा नळ बंद, पण बाहेर जाणारा पाइप उघडा ठेवा, कारण आत राहिलेलं पाणीही तापतं. सिलिकॉनचे पाइप आणि उकळतं झेपणारा पंप मात्र हवा. स्टार सॅनच वापरायचं असेल तर 5 गॅलनला 1 औंस हे प्रमाण आणि एक-दोन मिनिटं पुरतात. अर्धा तास ठेवून फायदा काही नाही, उलट ते आम्ल आतलं तांबं खातं.

खरं सांगू? 5 गॅलनच्या बॅचसाठी मी प्लेट चिलरऐवजी तांब्याची कॉइलच घेईन, म्हणजे आतून गार पाणी वाहणारी, वर्टमध्ये बुडवायची वेटोळी नळी. पाणी आणि वेळ जास्त जातो, पण सगळं डोळ्यांसमोर असतं. उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत तशीच भांड्यात सोडायची, काम झालं की लगेच पाण्याखाली धरायची. तपकिरी झाली तर बिघडत नाही. हिरवट डाग दिसले तर मात्र व्हिनेगर किंवा चिंच लावून घासून, भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नका, ते विषारी असतात.

एवढं करूनही पुढची बॅच आंबली, तर फर्मेंटरची तोटी सुटी करून बघा. तिच्या आट्यांमध्येही असाच गाळ साचतो, आणि वरवर धुऊन तो निघत नाही.