झोपेत श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया), त्यावर मशीन घ्यायचंय. सीपॅप, ऑटो सीपॅप की बायपॅप? एएचआय ३४ आलाय, दुकानदार थेट बायपॅप दाखवतोय. काय घेऊ?

मी ठाण्याचा, चरईत राहतो. माझा एएचआय ४१ होता, म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबायचा किंवा उथळ व्हायचा. ३० च्या पुढे गेलं की तीव्र, त्यामुळे तुम्हीही आमच्याच पंगतीत. चार वर्षं मशीन लावून झोपतोय.

झोपेत घशातली वाट मिटते, ती हवेच्या दाबानं उघडी ठेवायची, एवढंच या मशीनचं काम. सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटोवाल्याला डॉक्टर खालची-वरची मर्यादा बांधून देतात (मशीनची धाव साधारण ४ ते २०, दाब सेंटीमीटर पाण्यात मोजतात) आणि ते आपणहून दाब बदलतं. उताणे झोपलात की बहुधा वाढवतं. बायपॅप श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देतं. जास्त दाब सोसत नसेल किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, तर ते लागतं. नुसत्या घशाच्या अडथळ्याला बहुतेकांना पहिली दोन पुरतात. बायपॅप महाग असतं, तेव्हा ते कागदावर कोणी लिहिलंय, डॉक्टरांनी की दुकानदारानं, हे आधी बघा.

खरी डोकेदुखी मास्क. माझा नाकापाशी गळायचा, हवा डोळ्यात जायची, म्हणून मी पट्टे आवळत गेलो. सकाळी गालांवर वळ! लोकलमधला मित्र म्हणाला, "वहिनींनी लाटणं उचललं की काय?" शेवटी नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क घेतला आणि सुटलो. तोंड उघडं टाकून झोपत असाल तर मात्र तोंडही झाकणारा लागेल. दुकानात बसून नको, आडवं होऊन, मशीन चालू करून मास्क लावून बघा.

अजून एक. एसी २२ वर आणि ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) फुल्ल, तर नळीत पाणी साचतं आणि पहाटे नाकात शिंतोडे. पावसाळ्यात मी ह्युमिडिफायर १ वर ठेवतो, नळी गार पडू नये म्हणून तिला बायकोनं जुन्या ओढणीची खोळ शिवून दिलीय.

आधी महिनाभर भाड्यानं घ्या. मग मशीनमधलं कार्ड डॉक्टरांकडे न्या. त्यात रोजचे तास, गळती आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय दिसतो. तो ५ च्या खाली असेल आणि तुम्ही रात्रभर मास्क काढत नसाल, तर तेच मशीन विकत घ्या.