एखाद्या वस्तीत कॅन्सरचे रुग्ण वाढले तर कारण पाणीच आहे, हे नक्की कसं ठरवतात? पाणी तपासून लगेच कळत नाही का?

मी पर्यावरण आणि कॅन्सर यांचा संबंध शोधण्याचं काम करते. तुमच्या वस्तीत पाच-सहा जणांना कॅन्सर झाल्यावर पाण्यावर संशय जाणं अगदी स्वाभाविक आहे. पण आज भरलेली बाटली आजच्या पाण्याबद्दलच सांगते. आज निदान झालेल्या गाठीची सुरुवात मात्र बहुतेकदा वीस-तीस वर्षांपूर्वी झालेली असते. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे होणाऱ्या मेसोथेलिओमात, म्हणजे मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरमध्ये तर हे अंतर चाळीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकतं. म्हणून आमचा बराचसा वेळ जुना काळ धुंडाळण्यात जातो. कोण कुठल्या साली कुठे राहत होतं, पाणी कुठलं प्यायचं, काम काय करायचं, हे सगळं जुळवावं लागतं.

चिलीतल्या अंतोफगास्ता शहराचं उदाहरण मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1958 मध्ये तिथे डोंगरातल्या नद्यांचं पाणी आणलं गेलं. त्यात लिटरमागे सरासरी सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक, म्हणजे कॅन्सरला कारण ठरणारा विषारी घटक, होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा 10 आहे. आर्सेनिक काढणारं शुद्धीकरण केंद्र 1970 च्या सुमाराला सुरू झालं आणि प्रमाण झपाट्याने उतरलं. हा भाग वाळवंटी, घरोघरी विहिरी नाहीत, सगळं शहर एकच पाणी प्यायचं. त्यामुळे माणूस कुठल्या वर्षांत तिथे राहत होता एवढं कळलं की त्याच्या पोटात किती आर्सेनिक गेलं याचा चांगला अंदाज येतो. ॲलन स्मिथ, कातेरिना फेरेसिओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाची आकडेवारी वर्षानुवर्षं तपासली.

चिलीच्याच दुसऱ्या एका प्रांताशी तुलना केल्यावर दिसलं की फुफ्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू वाढायला लागले ते खराब पाणी सुरू झाल्यावर साधारण दहा वर्षांनी, आणि त्यांचा कळस आला पाणी सुधारल्यानंतर! पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू 1986-88 मध्ये सहापट होते. स्त्रियांमध्ये ते 1992-94 मध्ये जवळजवळ चौदापट झाले. त्या काळात कुणी अंतोफगास्ताचं पाणी तपासलं असतं तर त्यातून या मृत्यूंचा उलगडा झालाच नसता. आईच्या पोटात किंवा लहानपणी ते पाणी मिळालेल्यांमध्ये तिशी-चाळिशीतच फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू वाढलेले आढळले. हे मी कितीदाही वाचलं तरी मन सुन्न होतं.

तुमच्या वस्तीसारखा छोटा आकडा असला की काम फार अवघड होतं. वस्तीतली माणसं वयस्कर असतील तर कॅन्सर जास्तच दिसणार, म्हणून वयाचा हिशेब आधी करावा लागतो. एकाला आतड्याचा, दुसरीला स्तनाचा, तिसऱ्याला रक्ताचा कॅन्सर असेल तर सगळ्यांमागे एकच कारण असण्याची शक्यता कमी. उलट एरवी दुर्मीळ असलेला एकच कॅन्सर पुन्हा पुन्हा दिसला तर आम्ही ताबडतोब कान टवकारतो. तुर्कस्तानातल्या काराइन गावात मेसोथेलिओमाचे असेच खूप रुग्ण सापडले. त्यामागे तिथल्या दगडात असलेलं एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज निघालं, आणि त्याच दगडाची गावातली घरं होती.

तंबाखूबद्दलही विचारावंच लागतं, संशय पाण्यावर असला तरी. फुफ्फुसाच्या कॅन्सरमागे रस्त्यांचं डांबर असावं असं रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकांना सुरुवातीला वाटत होतं. 1950 मध्ये सहकारी ब्रॅडफर्ड हिल यांच्याबरोबर त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात बोट सिगारेटकडे होतं.

तरीही पाण्याची तपासणी जरूर करून घ्या. आर्सेनिक मर्यादेबाहेर निघालं तर पाणी त्याच दिवशी बदलायला हवं, त्यासाठी कॅन्सरशी संबंध सिद्ध होण्याची वाट बघू नका. जुन्या तपासण्यांचे कागद कुणाकडे असतील तर जपून ठेवा, आमच्या दृष्टीने ते आजच्या बाटलीपेक्षा मोलाचे आहेत. आणि रुग्णांची यादी करताना नावापुढे कुठल्या अवयवाचा कॅन्सर, निदानाच्या वेळचं वय, निदानाचं साल आणि वस्तीत राहायला आल्याचं साल एवढं लिहा. निदानाच्या दोन-तीन वर्षं आधीच तिथे आलेल्यांची नोंद वेगळी ठेवा.