अमेरिकेचे खासदार बर्नी सँडर्स कायम बंदूक नियंत्रणाच्या बाजूने होते का?
नाही, कायम नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी ब्रेडी कायद्याच्या विरोधात मत दिलं. पिस्तूल घेणाऱ्याला पाच दिवस थांबवून त्याची पार्श्वभूमी तपासायची, ही त्यातली मुख्य अट. त्यांचं व्हरमाँट शिकारीची जुनी सवय असलेलं ग्रामीण राज्य, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९९४ मध्ये मात्र असॉल्ट रायफलींवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, बंदी आणणाऱ्या विधेयकाला त्यांचा होकार होता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते २००५ चं मत. बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याला त्यांनी साथ दिली. गोळीबारात लेकरू गमावलेल्या आईबापांसाठी कोर्टाची वाट त्या कायद्याने फार अरुंद केली. सँडी हुकच्या शाळेत २० मुलं मारली गेल्यावर, २०१३ मध्ये, त्यांनी बंदूक घेणाऱ्यांची तपासणी वाढवण्याच्या बाजूने मत दिलं. २०१६ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या प्रचारात प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी २००५ चं ते जुनं मत लावून धरलं, तेव्हा कुठे तो कायदा रद्द करायला ते तयार झाले.