इक्विटी म्हणजे समभाग? या वाक्यात तरी नाही

प्रश्न असा आलाय: एका स्वतंत्र शाळेच्या, म्हणजे फी आणि देणग्यांवर चालणाऱ्या शाळेच्या अ‍ॅडव्हान्समेंट ऑफिसचं, म्हणजे देणग्या, माजी विद्यार्थी आणि जनसंपर्क बघणाऱ्या विभागाचं, इंग्रजी पत्रक कुणीतरी मराठीत आणलंय, त्याचा मथळा केलाय 'नेतृत्व, समभाग आणि निधी उभारणी'. तर इथे इक्विटीला समभाग चालेल का, आणि अ‍ॅडव्हान्समेंटला मराठीत काय म्हणायचं?

चालणार नाही. इक्विटी दिसलं की समभाग ठोकायचा हे मी इतक्या ठिकाणी बघतोय की आता चीड येते. समभाग म्हणजे कंपनीतला हिस्सा. देणगी देणाऱ्याला शाळेत हिस्सा मिळत नाही, मिळाला तर ती देणगीच राहत नाही, मग त्या मथळ्यात समभाग करतोय काय? तिथे अर्थ आहे न्याय्य वागणुकीचा, ज्याची जशी गरज आणि जशी ऐपत तसं त्याच्याशी वागण्याचा. शब्द आहे समन्याय. वापरा, मोकळे व्हा.

पण हे दोन अर्थ एकाच शब्दात आले कसे, तिथे खरी मजा आहे. इंग्लंडात जुन्या कायद्यात जमीन गहाण टाकली आणि ठरल्या तारखेला पैसे फेडले नाहीत की जमीन गेली, एक दिवस उशीर झाला तरी गेली, मग कर्ज जमिनीच्या किमतीच्या मानाने कितीही किरकोळ असो. लोक चॅन्सलरकडे, म्हणजे राजाच्या एका बड्या मंत्र्याकडे, दाद मागायला जायचे, आणि त्याचं चान्सरी कोर्ट कायद्याच्या अक्षरापेक्षा न्यायबुद्धीने निवाडा करायचं, त्या न्यायबुद्धीलाच इक्विटी म्हणत. १७व्या शतकात या कोर्टाने हे पक्कं केलं की तारीख उलटली तरी वाजवी मुदतीत कर्ज फेडून गहाण सोडवता येईल. या हक्काचं नाव 'इक्विटी ऑफ रिडेम्प्शन', म्हणजे गहाण सोडवून घ्यायचा समन्यायी हक्क. आता या हक्काची किंमत किती? तर जमिनीच्या किमतीतून कर्ज वजा जाता जे उरतं तेवढी. मग त्या उरलेल्यालाच लोक इक्विटी म्हणायला लागले, पुढे कंपनीचं सगळं देणं भागवून जे उरतं ते भागधारकांचं, म्हणून तीही इक्विटी, आणि शेअर म्हणजे इक्विटीज. बघा, अडलेल्या कर्जदारावरच्या दयेतून निघालेला शब्द शेअरबाजारात पोचला! म्हणून समभाग हा इक्विटीचा सगळ्यात धाकटा अर्थ, आणि आपले भाषांतरकार नेमका तोच धाकटा अर्थ थोरल्याच्या जागी बसवतात.

त्याच्याही मागे जा. मूळ लॅटिन 'ऐक्वुस', म्हणजे सपाट, समतल. (हा शब्द घोड्यावरून आला असं सांगणारे भेटतात, ते साफ चुकतात. घोडा तो 'एक्वुस', आपल्या अश्वाचा भाऊ, त्याचा इथे काही संबंध नाही.) ऐक्वुसला नकार लावला की 'इनिक्वुस', म्हणजे उंचसखल आणि अन्याय्यसुद्धा, त्यातून इंग्रजी इनिक्विटी. आणि आपल्याकडे? सम म्हणजे सपाट, विषम म्हणजे उंचसखल, आणि विषमता म्हणजे अन्याय. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता जमिनीच्या चढउतारावरून अन्यायाचा शब्द काढला. माझं तर म्हणणं असं की ज्यांनी कधी जमीन सारखी केलीय अशाच माणसांनी हे शब्द घडवले असणार, कारण जमीन सारखी करायची तर सगळीकडे सारखी माती टाकून चालत नाही, खड्ड्यात जास्त लागते आणि उंचवट्यावर काढावी लागते, आणि समानता आणि समन्याय यांतला फरक नेमका एवढाच आहे.

यावर जाणकार म्हणवणारे सांगतात की मग 'समता' काय वाईट, ऐक्वुस म्हणजे समच ना. व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य. समता हा शब्द स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीत कधीच बसलाय, तिथून त्याला हलवायचा हक्क कुठल्याही कोशकाराला नाही. आणि समानता तर घटनेच्या उद्देशिकेतच आहे, 'दर्जाची व संधीची समानता'. दोन्ही शब्द इक्वॅलिटीच्या कामावर आहेत. 'समन्यायी पाणीवाटप' आपण किती वर्षं म्हणतोय, तेव्हा समन्याय कृत्रिम वाटतो ही तक्रार मला पटत नाही.

आणि शाळेच्या कामात हा फरक रोज लागतो. सगळ्या पालकांकडे सारखीच रक्कम मागणं ही समानता झाली. पण ज्याला सहज झेपतं त्याच्याकडे मोठी मागणं, ज्याला झेपत नाही त्याची छोटी रक्कमही सहभाग म्हणून तितक्याच मानाने मोजणं, जमलेल्या पैशातून गरजेप्रमाणे फीमाफी देणं, आणि निर्णयाच्या टेबलावर फक्त मोठ्या देणगीदारांनाच न बसवणं, हा समन्याय. मथळ्यात नेतृत्वाच्या शेजारी तो शब्द आहे तो यासाठी आणि तिथे समभाग लिहिलं की सगळा मुद्दाच पुसला जातो.

निधी उभारणी ठीक आहे. फक्त 'निधी मिळाली' लिहू नका, तो निधी. नि आणि धा, खाली नीट ठेवलेला तो निधी, आणि फंडचं मूळ लॅटिन 'फुंडुस' म्हणजे तळ, इथेही दोन्ही भाषा बुडाशीच गेल्या!

हां, अ‍ॅडव्हान्समेंट राहिलं. पदोन्नती नको, प्रगतीही नको. देणगी विभागही अपुरं पडतं, कारण अमेरिकेत १९७४ मध्ये माजी विद्यार्थ्यांचं काम बघणारी आणि जनसंपर्काचं काम बघणारी अशा दोन संघटना एक होऊन या क्षेत्राची जी मोठी परिषद झाली तिच्या नावातच अ‍ॅडव्हान्समेंट आहे, आणि त्यात देणग्या, माजी विद्यार्थी, जनसंपर्क असं सगळं येतं. संस्थाविकास विभाग म्हणा.