इथली मास्तरकी नको, मग जपानमधली का हवी?

प्रश्न : मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, 58 टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जपानीचा क्लास केला, एन-फोर (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास आहे. ती बी.एड. करायचं म्हणते, पण हल्ली शिक्षकाला कोण विचारतं? जपानच्या शाळांत परदेशी शिक्षकांना मान असतो, पगारही चांगला असतो असं कळलं. आपल्याकडचे पुराणिक तर तिथे मुख्याध्यापक झाले. एका एजंटाला चाळीस हजार आगाऊ दिलेत. आम्ही शाकाहारी आहोत. शाळा राहण्या-जेवणाची सोय करते का? मुलगी टाळाटाळ करते. तिला कसं समजवावं?
– एक पालक, सातारा

उत्तर : पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून टाकलंत. मुलीला बी.एड. करायचं आहे. म्हणजे तिला शिकवायचंच आहे आणि तुम्हालाही तिने शिक्षिकाच व्हायला हवं आहे, फक्त साताऱ्यात नको. इथे शिकवलं की ‘कोण विचारतं’ आणि विमानात बसून गेलं की मान! हा हिशोब मुलीच्या भवितव्याचा नाही, तो नातेवाइकांत सांगण्यापुरता आहे. राग येईल, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ती टाळाटाळ करत नाहीये. तिने उत्तर दिलंय, ते तुम्हाला पटलेलं नाही.

आता तुमचा मोठा गैरसमज. जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजीसाठी जाणारा परदेशी माणूस बहुतेक वेळा पूर्ण शिक्षक नसतो, साहाय्यक असतो. तिथे वर्ग घ्यायला जपानी परवाना लागतो, तो त्याच्याकडे नसतो. तास जपानी शिक्षकाचा; साहाय्यकाने उच्चार म्हणून दाखवायचे, खेळ घ्यायचे, मुलांशी बोलायचं. ही मंडळी स्वतःला चेष्टेने ‘चालताबोलता टेपरेकॉर्डर’ म्हणवून घेतात. सुदैवाने जपानी शिक्षक उत्साही निघाला तर तास रंगतो, नाहीतर फळ्याशेजारी उभं राहायचं. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, त्यामुळे माणसं लागतात हे खरं. पण एकाच माणसाला आठवड्यात दोन-चार शाळा फिरवतात, म्हणजे एकाही शाळेत तो पुरता घरचा होत नाही. सुट्टीत तास नसतात. असे साहाय्यक शाळांना पुरवणाऱ्या काही कंपन्या ऑगस्टचा पगारही कापून देतात.

दिवस कसा जातो तेही ऐका, कारण तुम्ही सोयींचं विचारलंय. दारात बाहेरचे बूट कप्प्यात ठेवून शाळेतले बूट घालायचे. सकाळी शिक्षकांची छोटी सभा, सगळी जपानीत. एन-फोरवर त्यातलं निम्मंही कळणार नाही. दुपारी प्राथमिक शाळेत जेवण वर्गातच, मुलांसोबत. पांढरी टोपी आणि अ‍ॅप्रन घातलेली सात-आठ वर्षांची पोरं पातेल्यातून सूप वाढतात, प्रत्येकाला 200 मिलिलिटर दूध, आणि मुख्याध्यापक ते जेवण मुलांच्या आधी चाखून बघतात. फार छान व्यवस्था आहे ती. पण सूपच बहुतेक वेळा माशांच्या अर्कावर केलेलं असतं, म्हणजे तुमच्या लेकीला डबा न्यावा लागणार. जेवणानंतर केर-फरशी मुलं आणि शिक्षक मिळून करतात, त्यासाठी शिपाई नसतो. कंपनीमार्फत गेल्यावर घराची अनामत, पहिल्या महिन्यांचं भाडं हे बहुतेक तुम्हालाच बघावं लागतं, आणि पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जातो. नेमणूक टोकियोतच होईल असं समजू नका. खेडं मिळालं तर मोटार चालवता येणं गरजेचं.

पुराणिकांचं उदाहरण तुम्ही अर्धवट घेतलंय. योगेंद्र पुराणिक साहाय्यक म्हणून लागून वर चढलेले नाहीत. संगणक आणि बँक क्षेत्रातली नोकरी, जपानचं नागरिकत्व, 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक, आणि त्यानंतर इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेत आधी उपमुख्याध्यापक, मग मुख्याध्यापक. त्यामागे जपानमध्ये घालवलेली दोन दशकं आहेत. चाळीस हजार भरून ती विकत मिळत नाहीत.

आणि मुळात दारच अडतं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडे किमान बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातली दहा वर्षं तुमच्या मुलीचा दोष नाही, पण या अर्जात ती आडवी येतात. हे एजंटाला ठाऊक नसेल तर तो अडाणी, ठाऊक असेल तर लबाड. परदेशी साहाय्यकांना शाळांत नेमणाऱ्या जपान सरकारच्या जेट कार्यक्रमात (1987 पासून चालू, करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं) भारताच्या वाट्याला जागाच फार थोड्या.

इथला रस्ता ओळखीचाच आहे : सीईटी (प्रवेश परीक्षा), दोन वर्षं बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ). रखडपट्टी होते, भरती अडते, खाजगी शाळा पगारात हात आखडतात, हे मी लपवणार नाही. पण तिथे वर्ग तिचा स्वतःचा असेल.

जपानची ओढ तिला स्वतःला असेल (हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून तिलाच विचारा), तर जपानच्या शिक्षण मंत्रालयाची नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी खास शिष्यवृत्ती आहे. शाळेत शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, वय पस्तिशीच्या आत, आणि साधारण दीड वर्ष जपानी विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायचं. भारतातले अर्ज दूतावासामार्फत जातात. निवड कडक असते, पण तिथे ती शिक्षिका म्हणूनच जाईल. तोवर जपानी सोडू नये. परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात केंद्र आहे, एन-थ्री हे पुढचं लक्ष्य ठेवावं. आणि समजा शिकवण्यातून मन उडालं, तर एन-टूच्या पुढे पुण्यातल्या कंपन्यांत दुभाषी-भाषांतराचं काम मिळतं, ते या साहाय्यकीपेक्षा टिकाऊ.

एजंटाकडे उद्याच्या उद्या पैसे परत मागा, लेखी मागा. नोकरी लावतो म्हणून उमेदवाराकडूनच आगाऊ रक्कम घेणाऱ्याच्या हातात मुलीचा पासपोर्ट देऊ नका. दिला असेल तर पैशांच्या आधी तो सोडवून आणा. पावती नसली तर बँकेतून किंवा फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद काढून ठेवा. आणि बी.एड. सीईटीचा अर्ज तिचा तिला भरू द्या. पुढचं पत्रही तिनेच लिहावं, तुम्ही तिच्या वतीने नको.